रोबेर माकेरची पेढी

२० ऑगस्ट १८३६ रोजी पॅरिस येथील ‘ल शारिवारी’ ह्या दैनिकात एक शिळाछाप चित्र प्रसिद्ध झाले. चित्रात मुख्य माणसे दोनच. एक धिप्पाड, छाती काढून चालणारा. डोक्यावर चेपलेली टोपी, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी बुडेल एवढा मोठा गळपट्टा, आणि अंगावरील कपडे ठिगळांचे. परंतु ऐट अशी की, ठिगळे हाच त्याचा दरबारी पोशाख वाटावा. दुसरा किडकिडीत, किंचित वाकलेला, डगल्याचे खिसे वाजवीपेक्षा मोठे. पहिल्याचे नाव रोबेर माकेर, दुसऱ्याचे बर्त्राँ. माकेर आपल्या सोबत्यास सांगत आहे की, उद्योगधंद्यावर आपले फार प्रेम आहे, तेव्हा आपण एक पेढी काढू. भांडवल कोटींच्या कोटी, भाग त्याहूनही अधिक. फ्रान्सची मोठी पेढी बुडवू, सगळे सावकार बुडवू, कोणालाच शिल्लक ठेवू नये. बर्त्राँ भित्रा खरा, पण जगाचा अनुभव घेतलेला. तो विचारतो, आणि पोलीस? माकेरला त्याच्या बावळटपणाची कीव येते. लक्षाधीशाला कोणी कधी धरल्याचे ऐकले आहे काय?

चित्र एवढेच आहे. ते ज्याने दगडावर काढले तो ओनोरे दोमिये त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. आणि खालचा संवाद ज्याने लिहिला तो शार्ल फिलिपाँ त्या पत्राचा चालक होता. ह्या एका चित्रामागून नोव्हेंबर १८३८ पर्यंत शंभर चित्रांची मालिका निघाली. हल्ली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असली जुनी पत्रे घरबसल्या पाहण्याची सोय केली असल्यामुळे प्राणहितेच्या काठी, सिरोंच्यास बसूनही ती पाहता येतात. पॅरिस कोठे आणि सिरोंचा कोठे, असे वाचक म्हणतील. परंतु ह्या चित्रानंतर तीस वर्षे होण्याच्या आत माकेरच्या पेढीचे नाटक मुंबईत मोठ्या थाटाने झाले, आणि ते ज्या कापसाच्या जिवावर झाले त्याच कापसाच्या वाटेवर सिरोंच्याचा घाट होता. हा संबंध पुढे स्पष्ट करू. तत्पूर्वी, राजाची खोडी काढणारा चित्रकार एका भामट्याकडे का वळला, हे पाहिले पाहिजे.

शिळाछापाची कला त्या वेळी जुनी नव्हती. आलोइस झेनेफेल्डर नावाच्या जर्मन गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड ओला करावयाचा आणि वरून शाई फिरवावयाची. तेल व पाणी ह्यांचे सख्य नसल्यामुळे शाई चित्रावर तेवढी धरते, ओल्या दगडावर धरत नाही. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरण्यास जेथे आठवडे लागत, तेथे हे काम एका बैठकीत होई, आणि कारागिराच्या मध्यस्थीवाचून चित्रकाराच्या हाताची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरे. आज सकाळी मंत्र्याने भाषण करावे आणि दोन दिवसांत त्याचे तोंड पॅरिसच्या दुकानांच्या काचांवर लटकावे, हे ह्या दगडामुळे प्रथम शक्य झाले. ज्यांस वाचता येत नव्हते तेही काचेपाशी उभे राहून हसत. सरकारला खरी भीती होती ती ह्या हसणाऱ्यांची.

१८३० च्या जुलैमधील क्रांतीने लुई फिलीप गादीवर आला. मुद्रणस्वातंत्र्य देण्याचे वचन देऊनच तो आला होता, आणि फिलिपाँने त्या वचनावर विश्वास ठेवून ‘ला कारिकात्यूर’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक त्याच वर्षी काढले. वर्षभरातच खटले सुरू झाले. नोव्हेंबर १८३१ मध्ये न्यायालयात उभा असता फिलिपाँने राजाचा चेहरा चार पायऱ्यांनी नाशपातीत रूपांतरित करून दाखविला, आणि विचारले की, साम्य हाच गुन्हा असेल तर ह्यांतील कोणत्या पायरीपासून आपण गुन्हेगार? शिक्षा टळली नाही. परंतु तेव्हापासून फ्रान्सात नाशपाती हे फळ राहिले नाही. पोरे भिंतींवर नाशपाती काढू लागली, आणि फळ काढल्याबद्दल कोणाला धरावे हा पोलिसांपुढे प्रश्न पडला. दोमियेने त्याच वर्षाच्या अखेरीस राजाला खादाड राक्षस करून, गरिबांच्या टोपल्यांतील पैसा शिडीवरून त्याच्या जबड्यात ओतला जात आहे असे दाखविले. त्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद भोगावी लागली. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनाँ गल्लीतील एका घरात शिरून शिपायांनी निरपराध रहिवाशांची कत्तल केली. त्यावरील दोमियेच्या चित्रात विनोदाचा लेश नाही. पहाटेचा उजेड, विस्कटलेला बिछाना, रात्रीच्या कपड्यात पडलेला मेलेला बाप आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेले मूल. आमच्या मते दोमियेने पुढे आयुष्यभर काढलेल्या सुमारे चार हजार शिळाचित्रांत ह्याच्या तोडीचे दुसरे नाही.

पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस फिएस्की नावाच्या इसमाने राजावर गोळ्यांचा वर्षाव केला. राजा वाचला, मुद्रणस्वातंत्र्य वाचले नाही. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने प्रत्येक चित्रास प्रसिद्धीपूर्वी सरकारची परवानगी घेणे भाग झाले. कायद्याच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. राज्यघटनेने मते प्रकट करण्याची मोकळीक दिली आहे; पण चित्र म्हणजे मत नव्हे, ती डोळ्यांना केलेली चिथावणी, म्हणजे कृतीच होय, सबब तिला घटनेचे संरक्षण नाही! लेखाला सूट आणि चित्राला बेडी, ह्याहून चित्राच्या सामर्थ्याची मोठी पावती कोणत्याही सरकारने क्वचितच दिली असेल. ‘ला कारिकात्यूर’ बंद पडले. ‘ल शारिवारी’ राहिले. पण राजा, मंत्री, कायदेमंडळ हे सगळे विषय त्याच्या हातून गेले. मग चित्र कोणाचे काढावयाचे?

ह्या अडचणीतून माकेर उपजला. अर्थात त्याचा पहिला जन्म रंगभूमीवरचा. १८२३ मध्ये पॅरिसात एक रडके नाटक आले. त्यातील खलपुरुषाची भूमिका फ्रेदेरिक लमेत्र ह्या नटाकडे होती. ती गंभीरपणे केली तर लोक जांभया देतील हे ओळखून त्याने खुन्याला फाटक्या वस्त्रांतला रंगेल सभ्य गृहस्थ बनविले, आणि नाटककर्त्याचे अश्रू प्रेक्षकांच्या हशात वाहून गेले. १८३४ मध्ये ह्याच पात्राच्या नावाने स्वतंत्र नाटक झाले व त्यात माकेर कंपनी काढून भागीदारांस बुडविताना दिसला. सप्टेंबरच्या कायद्यांनंतर रंगभूमीवर त्याला बंदी झाली, तेव्हा फिलिपाँने त्याला उचलून दगडावर आणला. राजाची नाशपाती काढता येत नाही काय? ठीक, राजाच्या राज्यात ज्यांची चलती आहे त्यांचे चित्र काढू.

चलती कोणाची होती हे समजण्यास थोडा व्यापारी कायदा पाहिला पाहिजे. पूर्ण मर्यादित जबाबदारीच्या कंपनीस फ्रान्सात सरकारची मंजुरी लागे. परंतु १८०७ च्या व्यापारी संहितेत एक पळवाट होती. एकाने चालक म्हणून जबाबदार राहावयाचे आणि बाकीच्यांनी भाग विकत घेऊन स्वस्थ बसावयाचे, अशा भागीदारीला मंजुरीची जरूर नव्हती. १८३६ पासून दोन-तीन वर्षे ह्या पळवाटेतून कंपन्यांचा लोंढा आला. कोळशाच्या खाणी, डांबर, वर्तमानपत्रे. कागदावर काढता येणार नाही असा धंदाच उरला नाही. भाग घेणारे म्हणजे दुकानदार, पेन्शनर, विधवा. नाटकापासून मालिकेत आलेला गोगो नावाचा भोळा भागीदार ह्या वर्गाचा प्रतिनिधी होय. त्याचे नाव फ्रेंच भाषेत भोळसट माणसाचे सामान्यनाम होऊन आजतागायत चालू आहे.

शंभर चित्रांत माकेर शंभर धंदे करतो. तो पेढीवाला होतो, वकील होतो, पत्रकार होतो, लग्ने जुळवितो, परोपकारी मंडळ स्थापितो. वैद्य माकेरचे चित्र आम्हास विशेष आवडते. रोग्याला तो गंभीरपणे बजावतो की, हे दुखणे हसण्यावारी नेऊ नका, स्वच्छ पाणी प्या, आणि वारंवार येत जा. खर्चाची धास्ती नको, आमचा सल्ला फुकट असतो. मात्र ह्या दोन बाटल्यांचे वीस फ्रँक झाले. रिकामी बाटली परत आणल्यास दहा सांतीम वजा करू. ह्यात खोटे वाक्य एकही नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सल्ला खरोखरच फुकट आहे. माकेर चोरी करीत नाही; तो बोलतो. जुना दरोडेखोर रानात वाट अडवीत असे, ह्याने भाषेत वाट अडविली आहे. उद्योग, प्रगती, लोकहित, विश्वास हे त्याचे शब्द कोणत्याही सभ्य गृहस्थाच्या तोंडी शोभणारे आहेत, आणि तेवढ्यामुळेच ते त्याच्या उपयोगी पडतात. चेपलेली टोपी चित्रकाराने आपणास दाखविली म्हणून दिसते. गोगोला ती दिसत नाही.

कित्येकांनी ह्या मालिकेचे श्रेय फिलिपाँच्या लेखणीस दिले आहे, आणि कल्पना व संवाद त्याचे होते हे खरेच. परंतु चित्र झाकून मजकूर वाचला तर विनोद कळतो. मजकूर झाकून चित्र पाहिले तर माणूस कळतो. माकेरची पाठीमागे झुकलेली मान, पुढे आलेले पोट, गोगोच्या खांद्यावर ठेवलेला तो वडीलकीचा हात, हे शब्दांनी साधणारे काम नव्हे. इंग्रज कादंबरीकार थॅकरे ह्याने १८४० च्या आपल्या पॅरिसविषयक पुस्तकात माकेरवर पुष्कळ पाने खर्च केली. बोदलेर ह्या कवीने १८५७ मध्ये लिहिताना असे मत दिले की, माकेरपासून फ्रेंच व्यंगचित्र राजकारणातून निघून समाजाच्या चालीरीतींकडे वळले. आणि मार्क्सने १८४८ च्या क्रांतीचे परीक्षण करताना लुई फिलीपच्या राजवटीला राष्ट्राची संपत्ती लुटणारी कंपनी ठरवून खुद्द राजालाच सिंहासनावरचा माकेर म्हटले. ज्या राजाचे चित्र काढण्याची मनाई होती, तो अशा रीतीने आपोआपच चित्रात येऊन बसला!

आता मुंबई. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड फिरविले. वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. पैसा मुंबईत साठला, आणि साठलेल्या पैशाला जे सुचते तेच त्याला सुचले. १८५५ मध्ये भागभांडवलाच्या ज्या मंडळ्यांचे मुंबईत नावही नव्हते, त्या जानेवारी १८६५ मध्ये बासष्ट झाल्या होत्या. ह्याशिवाय एकतीस पेढ्या आणि पैशाची देवघेव करणारी सोळा मंडळे. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला; जमीन अजून पाण्याखाली होती. पुढे एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशोब चुकता करण्याची वेळ आली तेव्हा कोणाजवळच पैसा नव्हता, होते ते फक्त एकमेकांचे कागद. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली व तिच्या चौकशीस सरकारला आयोग नेमावा लागला. दिनशा वाच्छा ह्यांनी १९१० मध्ये ह्या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते मुंबईच्या प्रत्येक अभिमान्याने वाचण्यासारखे आहे.

ह्या वेडाचे नायक प्रेमचंद रायचंद. त्यांना माकेर म्हणणे आम्हास अन्यायाचे वाटते. ते स्वतःही त्यात पोळले, आणि त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये उभा राहिला. माकेरने ग्रंथालय बांधल्याचे ऐकिवात नाही. पण गोगो तर मुंबईत गल्लोगल्ली होते, आणि त्यांना फुगविणारी भाषाही तीच होती. मग मुंबईस दोमिये का मिळाला नाही?

दगड नव्हता असे नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्येच मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले होते. ‘पारशी पंच’ १८५४ पासून गुजरातीत चित्रे काढीत होता. पुण्यास १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी ह्यांनी चित्रशाळा काढली आणि तिच्या दगडांवरून उत्तमोत्तम रंगीत चित्रे घरोघर गेली. पण त्या दगडांवर अवतरले ते देव, पेशवे आणि छत्रपती. हसू आले ते फार्सांत. आणि त्यांचा रोख बहुधा सुधारकांवर आणि शिकलेल्या बायकांवर. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ ही त्यातलीच. ज्या वर्गाने कंपन्यांत पैसे घातले होते, त्या वर्गाला आपल्याच तिजोरीवर हसण्यापेक्षा आपल्या सुनांच्या पुस्तकांवर हसणे सोपे गेले, असे म्हणावयास आम्हास दिक्कत वाटत नाही.

ह्याला आणखी एक कारण आहे. तेथल्याप्रमाणे येथेही कायदे आले: १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा, १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, पुढे १९१० चा मुद्रणाचा. परंतु दोन्हीकडच्या उपहासाने वाटा निरनिराळ्या धरल्या. फ्रान्सात राजाचा रस्ता बंद होताच उपहास समाजात उतरला. आमच्याकडे तो पुराणात चढला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त १९०७ मध्ये प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कोणास पाहिले, हे सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये प्रयोग बंद झाला. ही युक्ती मोठी होती, तिने लोकांचे रक्त तापविले. पण पुराणात कीचक असतो, गोगो नसतो. तेथे पापी नेहमी परका, सिंहासनाजवळचा. आणि आपण प्रेक्षक सगळे पांडवांच्या बाजूचे. कोटींच्या भांडवलाची जाहीरपत्रके वाचून बायकोच्या पाटल्या मोडणारा मनुष्य त्या पटावर बसविता येत नाही. त्याला जागा मिळाली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदात. १९०२ च्या ‘साक्षीदार’ ह्या लेखापासून सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडुतात्या जे उद्योग करतात, ते वाचताना माकेर व बर्त्राँ ह्यांची आठवण होते: तीच गंभीर मुद्रा, तोच प्रतिष्ठित शब्दांचा भपका, तीच निर्मळ निर्लज्जता. कोल्हटकर वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. पण हे सर्व लेखणीचे. दगडावरचा सुदामा कोणी काढला नाही.

ह्याच कापसाची एक वाट सिरोंच्यावरून जावयाची होती. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी ह्यांतून नावांनी कापूस पूर्व किनाऱ्यास न्यावा, ही सर आर्थर कॉटन ह्यांची कल्पना. मोजणी व बांधकाम कॅप्टन हेग ह्यांचे. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. सर्वांत खाली दुम्मगुडेम, मग इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली, आणि सिरोंच्याच्या वर प्राणहितेत देवलमरी. मँचेस्टरच्या कापूसवाल्यांनी ह्या योजनेसाठी विलायतेत हाकाटी केली. १८६० च्या तहाने निजामाकडून डाव्या तीराचा मुलूख इंग्रजांकडे आला. अपर गोदावरी नावाचा जिल्हा झाला, आणि त्याचे ठाणे सिरोंचा. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ह्या नदीमार्गाची जोरदार शिफारस केली.

ही लबाडी नव्हती, हे निक्षून सांगितले पाहिजे. कॉटन ह्यांनी दौलेश्वरमचे धरण बांधून गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुपीक करून दाखविला होता. त्यांचा शब्द पोकळ नव्हता. पण खडक तेच राहिले, वर्षातून कित्येक महिने पाणी नावेपुरते नसे, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. हिंगणघाटचा कापूस पश्चिमेस मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. प्रामाणिक माणसाचे जाहीरपत्रक आणि माकेरचे जाहीरपत्रक ह्यांची भाषा एकच असते, हीच ह्या सर्व प्रकरणातील खरी अडचण आहे. नदीकाठच्या माणसाला त्यांतला भेद कळण्यास काही साधन नसते; त्याला तो भेद पैसा किंवा जमीन गेल्यावर कळतो. ह्याच पाण्यावर, सिरोंच्यासमोर, २०१९ मध्ये मेडिगड्ड्याचा बंधारा पुरा झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. ह्या प्रश्नाचा निवाडा अभियंत्यांनी करावयाचा आहे. आमच्या तालुक्यातील शेतकऱ्यांचा पुराविषयीचा आणि मोबदल्याविषयीचा प्रश्न मात्र कोणत्याही अभियांत्रिकी अहवालाहून जुन्या जातीचा आहे. गोगोने पैसे दिले होते ते स्वखुशीने. ह्यांना कोणी विचारलेही नव्हते.

येथील मुलांची घरची भाषा तेलुगू, माडिया किंवा गोंडी, शाळेची मराठी. माकेरचे पहिले चित्र वर्गात दाखविले तेव्हा कंपनी म्हणजे काय, भाग म्हणजे काय, हे सविस्तर समजावून सांगावे लागले. बर्त्राँचा प्रश्न आणि माकेरचे उत्तर समजावून सांगावे लागले नाही. दामदुपटीची पावती दाखवून एका हंगामात नाहीसे होणारे लोक आठवडी बाजाराच्या गावांनाही ठाऊक आहेत. पॅरिसात १८३८ मध्ये त्या पळवाटेच्या भागीदाऱ्या बंद करण्याचे विधेयक आले होते, ते पार पडले नाही; निर्बंध आले ते १८५६ मध्ये. तोपर्यंत माकेरची दुसरी मालिकाही निघून गेली होती आणि लुई फिलीप राज्य सोडून इंग्लंडात वारला होता.

सिरोंच्याचा जिल्हाही फार टिकला नाही. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडून हा मुलूख चांद्यास जोडला, आणि १९८२ मध्ये चांद्यातून निघून तो गडचिरोली जिल्ह्यात आला. नावांच्या ताफ्यांसाठी मोजलेल्या त्या नदीमार्गाचे येथे फारसे काही उरलेले नाही. मात्र अपर गोदावरीचा डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड, ज्याने १८६२ मध्ये बस्तर संस्थानावर अहवाल लिहिला, त्याचे नाव ह्या तालुक्यात एका खेड्याला चिकटून राहिले आहे. त्या खेड्याला ग्लासफोर्डपेठा म्हणतात.